विनाशिकेचा आराखडा: आधी शस्त्रं की आधी सुटे भाग?

खाडीकर
आयएनएस सुरत १५ जानेवारी २०२५ ला नौदलात दाखल झाली आणि १५-बी प्रकल्पाच्या चारही विनाशिका पूर्ण झाल्या. चारही माझगाव डॉकने बांधलेल्या. ७४०० टन, १६ ब्राह्मोस, ३२ बराक-८ क्षेपणास्त्रं हे सगळं वाचून ऊर भरून येतो. पण प्रत्येक जहाजाला पळवणारी चारही गॅस टर्बाइनं युक्रेनच्या झोर्या-मशप्रोएक्त कारखान्याची आहेत. कारखाना मिकोलाइव्हला, आणि त्या शहरावर २०२२ पासून मारा होतोय. तीसेक वर्षं चालवायचं जहाज असं एकाच परदेशी कारखान्याच्या भरवशावर ठेवायचं? रशियाचंच बघा. २०१४ मध्ये युक्रेनने टर्बाइनं बंद केली आणि त्यांच्या गोर्शकोव्ह वर्गाच्या फ्रिगेट, म्हणजे विनाशिकेहून लहान युद्धनौका, वर्षानुवर्षं रखडल्या. आपल्या शिवालिक, निलगिरी वर्गाच्या फ्रिगेटवर आणि विमानवाहू विक्रांतवर एलएम-२५०० हे अमेरिकन टर्बाइन आहे, हिंदुस्तान एरोनॉटिक्स ते बंगळुरूत जोडते. पुढच्या विनाशिकांवर तेच घ्या आणि सुट्या भागांचं गोदाम एकच ठेवा.

सलील_ठाणे
अजिबात पटलं नाही. १९९७ च्या आयएनएस दिल्लीपासून १५, १५-ए, १५-बी मिळून दहा विनाशिका झोर्याच्या एकाच घराण्यातली टर्बाइनं वापरतात. ती उघडून बसवणारे हात, हत्यारं, साठा आपल्याकडे तयार आहे. हे सोडून नवं घ्यायचं? ब्रिटनने टाइप ४५ विनाशिकांवर डब्ल्यूआर-२१ हे नवंकोरं टर्बाइन घेतलं. कोमट समुद्रात त्याचा इंटरकूलर, म्हणजे आतली हवा थंड करणारा भाग, दगा देई आणि अख्ख्या जहाजाची वीज जाई. आता तिथे दोन डिझेल जनरेटर काढून तीन मोठे बसवावे लागताहेत.

शिवाय झोर्याचं टर्बाइन उलटंही फिरतं, एलएम-२५०० फिरत नाही. म्हणजे गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा, हवेची भुयारं, सगळं नव्याने आखायचं. आणि एलएम-२५०० अमेरिकन आहे हे विसरू नका. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर निर्बंध आले तेव्हा नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं सुट्या भागांअभावी बसून राहिली होती.

जुना_फिटर
तुम्ही दोघं टर्बाइनवर भांडताय. मी २६ वर्षं गोदीत काढली. जहाज मी अडलेलं पाहिलं ते फायर पंपाच्या, गळती रोखणाऱ्या सीलवर. मुठीत मावेल एवढी वस्तू: कार्बनची रिंग, स्प्रिंग, दोन ओ-रिंगा. मूळ पुरवठादाराकडून यायला अकरा महिने लागले. मधल्या काळात दुसरा पंपही गळू लागला. शेवटी रिफिटला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीला, आलेल्या शेजारच्या जहाजाचा सील काढून इकडे बसवला आणि तिकडच्या पंपावर ‘बंद’ची लाल चिठ्ठी बांधली. बरं, पंप अशा कोपऱ्यात बसवलेला की वरचे दोन पाइप कापल्याशिवाय बाहेर निघेना. कागदावर जागा वाचली, आमचे चार दिवस गेले. आराखडा करणाऱ्याने एकदा पाना हातात घेऊन त्या फटीत शिरून बघावं.

मीनल_कोथरूड
काका, अगदी खरं. म्हणूनच २०२५ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सला ६ मेगावॉटच्या सागरी डिझेल इंजिनाचं काम मिळालं तेव्हा मला ब्राह्मोसच्या चाचणीपेक्षा जास्त आनंद झाला. इंजिनाचं ड्रॉइंग पुण्यात असेल तर भागासाठी कुणापुढे हात पसरायला नको.

सलील_ठाणे
मीनल, काम चांगलंच आहे, पण त्या डिझेलवर विनाशिका तीस नॉट पळणार नाही. टर्बाइनचा प्रश्न तिथेच राहतो. ड्रॉइंगचा मुद्दा मात्र मान्य. खरेदीच्या करारात तो असायलाच हवा.

खाडीकर
म्हणजे शेवटी आलात माझ्याच मुद्द्यावर! झोर्याशी करार करताना पात्यांची आणि बेअरिंगची ड्रॉइंगं आपण हातात घेतली असती, तर मिकोलाइव्हची बातमी वाचून पोटात गोळा आला नसता. एलएम-२५०० चा हट्ट मी अजून सोडलेला नाही. फिटरकाका, त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं?

जुना_फिटर
नवा सील आला तो पहिल्या जहाजाच्या नावाने. दुसऱ्यासाठी नव्याने मागणी टाकली. मी निवृत्त झालो तेव्हा चिठ्ठी तिथेच होती, रंग उडून गुलाबी झालेली.