द्राक्षाच्या गावात सुट्टी कशी जायची? (अनुभव)

वणीवाली

काल लेकाने फोटो पाठवला. ऑफिसातली पोरं मिळून नाशिकच्या एका वायनरीत गेली होती आणि मोठ्या लाकडी टबात उभी राहून द्राक्षं तुडवत होती. पोटऱ्यांपर्यंत जांभळी. वर तिकीट काढून, बरं का. फोटो बघितला आणि माझा हात आपोआप कपाळाला गेला.

माझं माहेर दिंडोरी-वणी रस्त्याला. आमच्याकडे घडावर चुकून पाय पडला तर वाकून नमस्कार करायला लागायचा. पेटीतून निसटलेला एकटा मणी असला तरी. आबा बागेच्या दुसऱ्या टोकाला असायचे, पण त्यांना कसं कळायचं देव जाणे. "कोणाचा पाय पडला रे?" एवढंच ओरडायचे. आम्ही सातही भावंडं वाकायचो, कारण कोणाचा पडला ते कोणीच कबूल करत नसे.

दिवाळीची सुट्टी म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतरची फेल, म्हणजे नको असलेली फूट, काढायची. नाताळात विरळणी आणि डिपिंग. जीएच्या (मणी फुगवायच्या संजीवकाच्या) पाण्याचा मग घेऊन एकेक घड बुडवत जायचं, संध्याकाळी हात खांद्यातून गळायचे. जानेवारीत उन्हाने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून घडांना पेपर लावायचे आणि हे माझं सगळ्यात आवडतं काम, कारण रद्दी मिळायची! नाशिकहून गाठोडी यायची. मी एक पेपर लावायचे आणि चार वाचायचे. एका रविवार पुरवणीतली रहस्यकथा पाच झाडांवर वाटली गेली होती. शेवटचा भाग सापडलाच नाही. खून कोणी केला ते मला अजून माहीत नाही.

तरी मजा होती. तीच लिहा. द्राक्षाच्या गावात वाढलेले, राहिलेले, सून म्हणून गेलेले, सगळ्यांनी. कामं झाल्यावर काय करायचात?

शेकोटी

आम्ही निफाडचे. आमची करमणूक थंडी 😀

पारा घसरला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा पेपरात यायचा आणि आम्हाला उगाच अभिमान. मुंबईचे पाहुणे "वा, काय गुलाबी थंडी" म्हणायचे. आमचे तात्या तेव्हा बागेत. कडाक्याने मण्यांना तडे जातात, म्हणून पहाटे तीनला उठून बांधावर पाचट पेटवून धूर करायचा. वर ड्रिप चालू करायचं, लाईट असली तर. लाईट रात्रीचीच यायची म्हणा, तेवढा एक फायदा.

आम्ही पोरं तात्यांच्या मागे जायचो ते फक्त खाण्यासाठी. निखाऱ्यात रताळी, ओल्या हरभऱ्याचा हुळा. तोंडं काळी, घोंगडीला धुराचा वास, तसेच शाळेत. गुरुजी काही बोलायचे नाहीत, त्यांच्याही स्वेटरला तोच वास

अर्धाकप

तिकीट किती होतं हो?

वणीवाली

विचारलं नाही. आईला कळलं तर ती हिशोब मांडेल. वय ८१, पण हिशोब पक्का.

मी_नारायणगावकर

आमच्याकडे द्राक्षं पण आणि तमाशा पण. वाचणाऱ्या नाशिककरांनी जळून घ्यावे.

शॅम्पेनचं म्हणाल तर ऐंशीच्या दशकात आमच्या गावात फ्रेंच तंत्राने स्पार्कलिंग वाइन बनायची, ओमर खय्याम नावाने परदेशी जायची. गावात कोणी चाखली नव्हती. पण पाहुण्याला सांगताना प्रत्येकाचा मामा तिथे कामाला.

खरी करमणूक राहुट्यांची. गुढीपाडव्याच्या सुमाराला फडांच्या राहुट्या लागतात, आणि कुठकुठल्या गावांच्या यात्रा कमिट्या जीप भरभरून सुपारी द्यायला येतात. लग्नाच्या बैठकीपेक्षा जास्त घासाघीस. आम्ही शाळा सुटली की दप्तर घेऊन राहुट्यांपाशी. आत जायची परवानगी नव्हती, पण कुठली कमिटी किती म्हणतेय, कोण उठून गेलं, कोणाला परत बोलावलं, हे बाहेरून ऐकायचो. सौदा कसा करायचा ते मी तिथे शिकलो. पुढे द्राक्षाच्या व्यापाऱ्यापुढे फार उपयोग झाला असं नाही.

तमाशावाल्या विठाबाई नारायणगावकर आमच्याच गावच्या. माझ्या आज्जीने त्यांना फडावर बघितलेलं. घरात कोणाला सांगितलं नव्हतं तिने, आजोबा गेल्यावर सांगितलं. म्हणाली, "मी शेजारणीबरोबर मुक्ताईच्या यात्रेला म्हणून गेले होते." मग हसायला लागली ती थांबेचना.

बाकी खोडदची रेडिओ दुर्बीण आहेच. ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या, एकूण ३०. विज्ञान दिनाला उघडी असते तेव्हा सगळ्या तालुक्याच्या शाळा तिकडे. आम्हाला वाटायचं ती बिबट्यावर लक्ष ठेवायला आहे

कावळी

नारायणगावात मसाला दूध प्यायला थांबायचो!! एसटी थांबली की आधी दूध मग बाकीचं. 😋

मी_नारायणगावकर

@कावळी, अजून मिळतं. या.

पिंट्या९९

वाइन म्हणजे दारूच. उगाच कौतुक चाललंय

शेकोटी

पिंट्या भाऊ, २०२२ मध्ये सुपर मार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा यावरून आमच्या पारावर दोन महिने भांडण झालंय. आता दमलो. रताळं खा.

टोपणनाव_सुचत_नाही

आमची वाइनची बाग होती. म्हणजे खायची द्राक्षं काढून वडिलांनी ती लावली. २००१ ला सरकारचं द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आलं, त्यानंतर आमच्या भागात बऱ्याच जणांनी लावली.

गावात सगळे हसले. घड लहान, मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. पाहुण्यांना पेटी कशी देणार? पण गोड मात्र असा की खायचा थॉमसन पाणचट लागावा. वडील सांगायचे, याला दिसण्याचे पैसे नाहीत, साखरेचे आहेत.

कंपनीचा माणूस साखर मोजायची नळी, रिफ्रॅक्टोमीटर, घेऊन यायचा. मणी चुरगळून थेंब काचेवर टाकायचा आणि नळी डोळ्याला लावून आभाळाकडे बघायचा. निळं-पांढरं वर्तुळ दिसतं आत, जिथे रेघ तिथे ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा. आम्हा भावंडांचा तोच बायोस्कोप. तो चहा पीत असला की आम्ही पळवायचो. चिंच, ऊस, लिंबू, बहिणीचं कफ सिरप, सगळ्याचं ब्रिक्स काढलं. कफ सिरपला रेघच दिसेना, पट्टीच्या पार वर गेली असणार.

ब्रिक्स २२-२३ झालं की तोडणी असायची. तोडणी रात्री-पहाटे, माल गार असताना कारखान्यात पोचावा म्हणून. हेडलाइट लावून बायका तोडायच्या, पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या. त्यांची गाणी चालायची. आमची आई पण त्यांच्यात बसून म्हणायची, एरवी घरात कधी गुणगुणली नाही. मी झोपेचं सोंग घेऊन क्रेटवर पडून ऐकायचो.

पुढे एका वर्षी कंपनीने माल उचललाच नाही. टाक्या भरल्यात म्हणाले. मग वडिलांनी बाग काढून टाकली. त्याबद्दल इथे नको.

वणीवाली

@टोपणनाव, कळतंय. कफ सिरपवर मात्र मोठ्याने हसले, नवरा स्वयंपाकघरातून विचारतोय काय झालं.

लिव्हरमोरची_काकू

मी कॅलिफोर्नियात, लिव्हरमोरला. हे पण वाइनचंच गाव, इथली वेंटे वायनरी १८८३ पासूनची आहे. आमचा रविवार म्हणजे सकाळी शिवाविष्णू मंदिर, प्रसादाचा दहीभात, आणि दुपारी पाहुणे असतील तर वायनरी. एकाच गावात दोन्ही तीर्थं, असा इथल्या मराठी मंडळींचा जुना विनोद.

सासरे पिंपळगाव बसवंतचे. २०१७ ला आले होते, त्यांना घेऊन गेलो. टेस्टिंगला पाच ग्लास मांडले. त्यांनी एकालाही हात लावला नाही, माळकरी आहेत. सरळ उठून बागेत. दोन झाडांमधलं अंतर पावलांनी मोजलं, ड्रिपची नळी उचलून बघितली, माती चिमटीत घेतली. मग तिथल्या माणसाला माझ्यामार्फत पहिला प्रश्न: "छाटणी कधी?" तो म्हणाला, वर्षातून एकदा, हिवाळ्यात, वेल झोपलेली असते तेव्हा. सासऱ्यांचा विश्वास बसेना. "एकदाच? आणि एप्रिलची खरड छाटणी कोण करतं?" मग मी भाषांतर करत बसले की आमच्याकडे वेल झोपतच नाही, उष्णतेने वाढतच राहते, म्हणून एप्रिलला काडी तयार करायला एक आणि ऑक्टोबरला फळासाठी एक, अशा दोन छाटण्या लागतात. तो अमेरिकन माणूस वही काढून लिहून घ्यायला लागला! दीड तास गेला. पार्किंगमध्ये सासरे म्हणाले, "झोपणारी वेल. नशीबवान लोक आहेत."

विषय सुटला. बाकी करमणूक म्हणजे जूनमध्ये रोडिओ असतो, आणि अग्निशमन केंद्रात एक विजेचा दिवा आहे, १९०१ पासून लागलेला. पाहुणे आले की तो दाखवायचा. सासऱ्यांनी त्याच्याकडे बघून "लोडशेडिंग नाही वाटतं" एवढंच म्हटलं

अर्धाकप

झोपणारी वेल 🙏 स्टेटसला टाकू का?

बगळा

नांदूर मध्यमेश्वरच्या बाजूचा मी. आमची सुट्टी पक्षी हाकलण्यात गेली. साळुंक्या, बुलबुल आणि सगळ्यात वाईट भोरड्या. ढगासारख्या यायच्या. पत्र्याचे डबे वाजवायचे, चकाकणाऱ्या पट्ट्या बांधायच्या, गोफण. माझी गोफण भारी होती, एकदा चुलत्यांच्या सायकलची घंटी फुटली. लागली कशी ते विचारू नका, मी भोरडीवरच नेम धरला होता.

आता मी गाइड आहे अभयारण्यात. २०२० ला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं पहिलं. गोदावरी-कादवेच्या संगमापाशी सकाळी सहाला दुर्बिणी लावून लोक उभे असतात आणि मी दबक्या आवाजात सांगतो, "ते बघा, रोझी स्टार्लिंग." एका पाहुण्याने मराठी नाव विचारलं. भोरडी म्हणताना माझा हात खिशात गेला, गोफण शोधायला

कावळी

हाहाहा बगळा!! तुमच्याकडे रूम मिळेल का येत्या शनिवारी, चार मोठे दोन लहान

बगळा

ताई मी पक्षी दाखवतो फक्त. मेसेज करतो तुम्हाला.

शेकोटी

व्हिडिओ कोणीच लिहिला नाही? माल गेला, पैसे आले की गल्लीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायचा. रात्रीत तीन सिनेमे. पडदा म्हणजे पेट्यांवर ठेवलेला टीव्ही, बसायला उलटे क्रेट. क्रेटची जाळी मागे उमटायची, सकाळी शाळेत बाकावर बसवेना. तिसऱ्या सिनेमाचा शेवट आमच्या पिढीतल्या एकाही माणसाने बघितलेला नाही, एकतर झोप नाहीतर लाईट.

आणि होळी. वाळलेल्या काड्यांचे भारे. आमची होळी दुसऱ्या गल्लीपेक्षा मोठी व्हावी म्हणून रात्री त्यांच्या काड्या चोरायच्या. ते आमच्या चोरायचे. शेवटी सारख्याच व्हायच्या

टोपणनाव_सुचत_नाही

२०१४ च्या गारपिटीनंतर तीच होळी आठवते. माल सगळा खाली. काड्या भरपूर होत्या, पोरं आणायला गेलीच नाहीत. मग आमच्या आईने स्वतः एक भारा उचलून नेला. मग बाकीचे गेले.

सॉरी, उगाच जड केलं. करमणुकीचा धागा आहे.

लिव्हरमोरची_काकू

नाही हो, लिहा. त्या वर्षी सासऱ्यांनी दोन महिने फोनवर फक्त हवापाण्याचंच बोलणं केलं. इकडचं, तिकडचं नाही.

पिंट्या९९

बरं आमच्याकडे पण बाग होती. सिन्नरला मामाची. द्राक्षं चोरायला जायचो, मामाचीच. शेजारच्यांपेक्षा मामाची गोड होती पण मामी मोजून ठेवायची

शेकोटी

आला पिंट्या लाईनवर. रताळं पोचलं म्हणायचं.

अर्धाकप

नाशिकची मिसळ कुठली खायची ते पण सांगा ना, शनिवारी मी पण जातेय

कावळी

तुम्ही पण?? एकत्र जाऊया का. चार मोठे दोन लहान, गाडीत एक जागा आहे, लहानाला मांडीवर घेऊ

वणीवाली

मिसळीचा वेगळा धागा काढा, नाहीतर इथे मारामाऱ्या होतील.

आज आईला फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत होती. मला वाटलं आता नमस्कार करेल. तर विचारते, "पाय धुतले होते का यांनी?" लेकाला फोन लावला, तो म्हणाला, हो आजी, आधी धुवायला लावतात. मग म्हणे, "टबात किती किलो असतील?" त्याला माहीत नव्हतं. "आणि त्याला भाव काय दिला शेतकऱ्याला?" तेही माहीत नव्हतं. फोन ठेवायच्या आधी म्हणाली, "पुढच्या वेळेला विचारून ये. आणि तुझी पँट मिठाच्या पाण्यात भिजव, साबण लावू नकोस, डाग बसतो."

त्याने साबण लावला होता.