धाब्यावरची, म्हणजे घराच्या सपाट छतावरची, रेडिओची जाळीची एरियल आठवते का कोणाला?

यावलकर: आमच्याकडे वॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, रेडिओ होता. बटण फिरवलं की आधी हिरवा डोळा उजळायचा, आवाज मागाहून. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, हिंदी गाण्यांची क्रमवारी. ऐन वरच्या पायदानाला खरखर! दादा मला एरियल हलवायला धाब्यावर पिटाळायचे. असं का व्हायचं?

तारवाला: भाऊ, एरियलचा दोष नव्हे. सिलोनची शॉर्टवेव्ह लहर आभाळातल्या विद्युतभारित थरावरून परतून येते, अन् तो थर सारखा बदलतो. उगाच जिना चढवला तुम्हाला.

चोपडेकर: आमच्याकडे रेडिओच्या लायसनचे पैसे पोस्टात भरायचे. आजी करवादायची, "गाना आयकाले बी पैसा लागस का?"

यावलकर: जिना कुठला, शिडी! खाली येईतो भरीतही संपलेलं.