मदत हवी आहे: मालवणात चष्मेवाल्याने स्नॉर्केलिंग कसं करावं?
मंडळी, डिसेंबरात पुन्हा मालवणला जातोय. गेल्या खेपेला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्केलिंग (डोळ्यांवर काचेचा मास्क, तोंडात श्वासाची नळी आणि पालथं तरंगत पाण्याखाली बघणं) केलं, पण माझा नंबर उणे साडेपाच! मास्कखाली चष्मा बसत नाही, त्यामुळे खडकांवरचं प्रवाळ म्हणजे नुसता करडा गोळा आणि वर हलणारे पिवळे डाग. लेक मात्र डोकं वर काढून ओरडतेय, "बाबा, पाच काळे पट्टे, पाठ पिवळी!" सार्जंट मेजर मासा असणार. मी आपली मान डोलावली.

तर, नंबरचा मास्क तिथे भाड्याने मिळतो का, की पुण्यातूनच घेऊन जावा? कॉन्टॅक्ट लेन्स घालून कोणी उतरलंय का? पाणी आत शिरलं तर लेन्स जाईल, शिवाय डोळ्यांच्या संसर्गाची भीती आहेच.

काचही सारखी धुरकट होत होती. होडीवाल्या दादांनी थुंकी चोळायला सांगितली. चालली, पण दहाच मिनिटं. याहून बरं काही?

आणि सनस्क्रीन. त्यातलं ऑक्सिबेन्झोन हे रसायन प्रवाळांना बाधतं (हवाईत २०२१ पासून असल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे), म्हणून यंदा पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा टी-शर्ट) घेतलाय. पण पोटऱ्यांचं काय? पालथं तरंगून तिथेच जास्त भाजलं होतं.