उमर यांच्यावर पाच मिनिटांत काय बोलायचं?

ए-१०४: नमस्कार सगळ्यांना. आमच्या मोठीला आठवीच्या वर्गात एका राज्यकर्त्यावर पाच मिनिटं बोलायचंय. चिठ्ठीत तिला इस्लामचे दुसरे खलिफा उमर आलेत. नेटवर नुसती लढायांची यादी मिळतेय. सुरुवात कुठून करावी?

बी-३०२ सर: ताई, लढाया दोन वाक्यांत आटपा. इ.स. ६३४ ते ६४४ अशी दहा वर्षं उमर खलिफा होते. तेवढ्या काळात यर्मूकला बायझंटाइन सैन्य हरलं, कादिसियाला इराणचं हरलं आणि शाम (आजचा सीरिया आणि आसपासचा मुलूख), इराक, इजिप्त त्यांच्या राजधानीच्या, मदिनेच्या ताब्यात आले. एवढं पुरे. खरं बोलायचं ते पुढचं. एवढं राज्य हाती आल्यावरही या माणसाने स्वतःला, स्वतःच्या घराला आणि आपल्या सुभेदारांना जराही सूट दिली नाही. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण हा भाग शिकवताना दरवेळी थांबावंसं वाटायचं.

सी-२०१ आपा: सर बरोबर बोलले. ताई, तिला पिठाच्या गोणीची गोष्ट सांगू दे, आमच्याकडे लहानपणापासून ऐकवतात. हजरत उमर रात्री मदिनेत फिरायचे. सोबत अस्लम नावाचा त्यांचा सेवक. गावाबाहेर एक बाई चुलीवर भांडं ठेवून बसलेली, पोरं रडतायत. भांड्यात नुसतं पाणी! पोरांना वाटावं काहीतरी शिजतंय आणि वाट बघत ती झोपावीत म्हणून. बाईने ओळखलं नाही. म्हणाली, आमचा आणि उमरचा निवाडा अल्लाहच करेल. हे म्हणाले, अगं, तुझी हालत उमरला कळणार कशी? ती म्हणाली, मग आमचा कारभार कशाला घेतला अंगावर?

सी-२०१ आपा: तसेच उठून कोठारावर गेले. पीठ आणि चरबी काढली आणि अस्लमला म्हणाले, माझ्या पाठीवर दे. तो म्हणाला, मी उचलतो. तर म्हणाले, कयामतच्या दिवशी माझं ओझं तू उचलणार आहेस का? मग तिथे बसून स्वतः चूल फुंकली. अस्लम सांगतो, धूर त्यांच्या दाढीतून बाहेर येताना दिसत होता. पोरं जेवून हसायला लागेपर्यंत तिथून हलले नाहीत. बाई शेवटी म्हणाली, खलिफापेक्षा तूच या गादीला लायक आहेस.

ए-१०४: आपा, अंगावर काटा आला. हे तिला नक्की सांगते.

डी-४०३ काका: गोष्ट सुंदर आहे, पण प्रत्येक राजाबद्दल अशा वेष बदलून फिरण्याच्या कथा असतात. ही खरी मानायची का? पोरीने वर्गात खात्रीने सांगितलं आणि कुणी विचारलं तर?

बी-३०२ सर: रास्त प्रश्न. तबरीसारख्या इतिहासकारांनी या हकिगती घडल्यानंतर दोन-अडीचशे वर्षांनी लिहिल्या, तोंडी आलेल्या साखळीवरून. म्हणून “परंपरेत असं सांगतात” म्हणून सांगावी. पण काका, या कथेत राजा वेष बदलून प्रजेची परीक्षा घेत नाही. इथे प्रजा त्याला तोंडावर सुनावते आणि तो ऐकून घेतो. उमर यांच्या कितीतरी हकिगतींचा साचा हाच आहे. लोकांनी त्यांची आठवण कशी जपली, ते यातून कळतं.

बी-३०२ सर: मला स्वतःला कूफाच्या दाराची हकिगत जास्त आवडते. साद इब्न अबी वक्कास म्हणजे कादिसियाचे विजेते सेनापती. इराकमधलं कूफा शहर त्यांनीच वसवलं आणि तिथे स्वतःला वाडा बांधला. बाजार शेजारीच, गोंगाट फार, म्हणून पुढे दार लावलं. मदिनेत बातमी गेली की सुभेदार आणि लोक यांच्यामध्ये आता दार आलंय. उमर यांनी आपले विश्वासू मुहम्मद इब्न मस्लमा यांना पाठवलं. ते गेले, सरपण विकत घेतलं, ते दार जाळलं आणि परत फिरले. सादनी वाटखर्चाला पैसे देऊ केले, तेही घेतले नाहीत. इराणचं साम्राज्य ज्याने हरवलं त्याचं दार! सुभेदार नेमतानाच अट असायची, की गरजवंताला दार बंद करायचं नाही, भारी घोड्यावर बसायचं नाही, तलम कपडे घालायचे नाहीत. नेमताना मालमत्तेची नोंद व्हायची आणि पुढे ती बेहिशेबी वाढली तर वाढलेल्यातला अर्धा हिस्सा सरकारजमा.

बी-५०४: सर, मी दवाखान्यातून आत्ता आले. साथीचा प्रसंग कुणी सांगितला का? आमच्या क्षेत्रातल्या माणसाला तो फार जवळचा वाटतो.

बी-३०२ सर: डॉक्टर, तुम्हीच सांगा.

बी-५०४: इ.स. ६३९ च्या सुमाराची गोष्ट. उमर मदिनेहून शामला निघाले होते. हिजाज म्हणजे मक्का-मदिनेचा प्रदेश, त्याच्या सीमेवर सर्घ नावाच्या ठिकाणी सेनापती भेटायला आले आणि म्हणाले, पुढे प्लेग आहे. आता ठरवायचं काय? त्यांनी एकट्याने ठरवलं नाही. आधी मक्केहून आलेल्या जुन्या सहकाऱ्यांना बोलावलं, त्यांच्यात दोन तट पडले. मग अन्सारांना, म्हणजे मूळच्या मदिनेच्या साथीदारांना विचारलं, त्यांच्यातही तेच. मग कुरैश या मक्केच्या टोळीतल्या जाणत्यांना विचारलं आणि ते एकमुखाने म्हणाले, परत फिरा. लगेच दवंडी पिटली की सकाळी परत निघायचं.

बी-५०४: आता यातला माझ्या मते सगळ्यात मोठा क्षण. अबू उबैदा हे शामचे सरसेनापती आणि उमर यांचे जिवलग. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, अल्लाहने लिहिलेल्यापासून पळता काय? उमर म्हणाले, हो, अल्लाहच्या एका लिखितातून अल्लाहच्याच दुसऱ्या लिखिताकडे. आणि पुढे विचारलं, तुझे उंट एखाद्या दरीत उतरले, तिची एक बाजू हिरवी आणि एक उजाड, तर तू कुठेही चारलेस तरी ते अल्लाहच्या लिखितातच ना? नंतर पैगंबरांचे जुने सहकारी अब्दुर्रहमान इब्न औफ आले. ते म्हणाले, पैगंबरांकडून मी ऐकलंय की साथ असलेल्या मुलखात जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथे साथ आली तर तिथून पळू नका.

बी-५०४: नशिबावर सोडून देणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांशी मी रोज बोलते. औषध घेणं हेही नशिबातच आहे, हे त्यांना पटवताना मला तीच दरी आठवते.

सी-२०१ आपा: आणि अबू उबैदा त्याच साथीत गेले. उमरनी त्यांना पत्र लिहून मदिनेला बोलावलं होतं. हेतू त्यांच्या लक्षात आला, पण सैन्याला सोडून ते आले नाहीत.

डी-४०३ काका: हे मला माहीत नव्हतं. पण एक सांगतो, राग मानू नका. पोरीने एकच बाजू सांगू नये. खैबरचे यहुदी आणि नजरानचे ख्रिस्ती यांना त्यांच्याच काळात अरबस्तानातून हलवलं गेलं. स्वभावाने कडक होते, हातात चाबूक असायचा. आणि ज्याने त्यांचा खून केला तो इराणी गुलाम होता, म्हणजे जिंकलेल्या लोकांच्या मनात काय चाललं होतं?

बी-३०२ सर: काका, राग कसला, हे यायलाच हवं. स्थलांतर घडलं, ते झाकायचं कारण नाही. तो खुनी अबू लुलुआ फिरोज, मुगीरा नावाच्या सुभेदाराचा गुलाम, सुतारकाम-लोहारकाम जाणणारा. मालक रोज पैसे कापतो अशी तक्रार घेऊन तो उमरकडेच आला होता. हे म्हणाले, तुझ्या हुन्नराच्या मानाने ही रक्कम जास्त नाही. नोव्हेंबर ६४४ मध्ये पहाटेच्या नमाजात त्याने त्यांना भोसकलं. दुसऱ्याची तक्रार ऐकायला रात्री फिरणारा माणूस या एका माणसाची तक्रार मात्र पुरेशी ऐकू शकला नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. गुलामगिरी हा त्या काळाचा पायाच होता आणि उमर त्याच्या बाहेर नव्हते. ताई, हे वाक्य तिच्या वयाला झेपत असेल तर जरूर घ्या. आणखी एक, शिया परंपरा खिलाफतीवर पैगंबरांचे जावई अली यांचा हक्क आधी मानते, त्यामुळे तिथे उमर यांच्याकडे बघण्याची दृष्टी वेगळी आहे. वर्गात दोन्हीकडची मुलं असू शकतात.

सी-२०१ आपा: सर, तुमचं मत ऐकलं, मला थोडं वेगळं वाटतं, पण भांडणार नाही. जखमी असतानाच पुढच्या खलिफासाठी त्यांनी जे सांगून ठेवलं, त्यात हे होतं की आपल्या संरक्षणाखालच्या बिगरमुस्लिमांशी केलेला करार पाळा, त्यांच्या ताकदीबाहेर भार टाकू नका. हे पण तिने सांगावं.

डी-४०३ काका: हो, हे घ्यायलाच हवं.

ए-१०४: दुष्काळाचं पण काहीतरी वाचलं होतं मी?

सी-२०१ आपा: राखेचं वर्ष म्हणतात त्याला, हिजरी १८, म्हणजे इ.स. ६३९ च्या सुमारास. पाऊस नाही, वारा नुसती धूळ उडवतोय, बद्दू म्हणजे वाळवंटातल्या भटक्या टोळ्या मदिनेभोवती येऊन बसलेल्या. शामहून धान्याचे उंट मागवले, सगळ्यांना एका जागी जेवण. स्वतः तूप सोडलं, तेलावर राहिले, रंग काळवंडला. पोट गुरगुरलं की पोटाला म्हणायचे, गुरगुर किती गुरगुरायचं ते, लोकांना मिळेपर्यंत तुला तूप नाही. त्या वर्षी चोरीला हात तोडायची शिक्षा थांबवली, जकातीची, म्हणजे सक्तीच्या धर्मदानाची, वसुली पुढे ढकलली.

बी-३०२ सर: चोरीची शिक्षा थांबवली हा मुद्दा ताई, अधोरेखित करा. उपाशी माणसाकडून कायदा काय मागू शकतो, याचा विचार सातव्या शतकात एका कडक माणसाने केला.

ए-१०४: पाच मिनिटांत एवढं बसणार नाही. तिने आत्ता ऐकून कूफाचं दार, सर्घ आणि दुष्काळ निवडलंय. गोणीची गोष्ट वर्गातल्या आणखी कुणाला माहीत असेल म्हणते. शेवट कशाने करायचा विचारतेय.

सी-२०१ आपा: त्यांच्या शेवटच्या दोन दिवसांनी कर. नवा खलिफा निवडायला सहा जणांची समिती नेमली. मुलगा अब्दुल्लाह मसलतीला बसेल, पण त्याला गादी नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्याच मुलाला म्हणाले, माझं कर्ज मोज. ८६ हजारांच्या आसपास निघालं. आमच्या घरच्या मालमत्तेतून फेड म्हणाले. मग त्याला पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांकडे पाठवलं, पैगंबरांशेजारी दफनाची परवानगी मागायला. सांगितलं, “उमर सलाम सांगतो” असं म्हण, “अमीरुल मोमिनीन” (श्रद्धावानांचा प्रमुख) म्हणू नकोस, आज मी त्यांचा अमीर नाही. परवानगी मिळाली. तरी म्हणाले, मी गेल्यावर दारात पुन्हा विचारा. नाही म्हणाल्या तर सर्वांच्या कब्रस्तानात न्या.

ए-१०४: आपा, उद्या साडेसातला तिला तुमच्याकडे पाठवते, नावांचे उच्चार एकदा ऐकून घ्या.

सी-२०१ आपा: पाठव. आणि सर, तुमच्याकडचा तो जुना नकाशा द्याल का? सर्घ आणि कूफा बोटाने दाखवता आलं पाहिजे तिला.