दुकान बंद झालं म्हणून पेढे वाटणाऱ्यांसाठी

परभणीची लेक:
डॅलसकरांची परवाची पोस्ट वाचून गप्प बसणार होते. जमलं नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी: टेक्ससमधल्या सरकारी विद्यापीठांची डीईआय (विविधता, समता, समावेशन) ऑफिसं एसबी १७ या राज्याच्या कायद्याने बंद केली, 'वोक (अतिपुरोगामी) मंडळींचं दुकान उठलं, आता पोरं गुणांवर शिकतील, पेढे वाटा' असा मजकूर.

अहो, ती ऑफिसं प्रवेश देतच नव्हती! प्रवेशातला वंशाचा विचार अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २९ जून २०२३ला हार्वर्डच्या खटल्यात थांबवला. एसबी १७ हे वेगळं प्रकरण. तो १ जानेवारी २०२४पासून लागू झाला आणि प्रवेश, शिकवणं, संशोधन, विद्यार्थी संघटना यांना तो लागू नाही असं त्यातच लिहिलंय. दोन्हींची खिचडी करून वर तूप घालायचं, हे बरं जमतं.

ऑस्टिनच्या विद्यापीठाने आधी आपल्या डीईआय विभागाच्या पाटीवरचं 'डायव्हर्सिटी' पुसून 'कॅम्पस' लिहिलं. वाटलं, भागलं. एप्रिल २०२४मध्ये अख्खा विभाग गुंडाळला आणि साठेक माणसं घरी. तेव्हा 'पाटी बदला, काम तेच ठेवा' हा सल्ला मला कुणी देऊ नये.

आता माझं. मी टेक्ससमध्येच (विद्यापीठ सांगत नाही) राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीवर आले. दुसऱ्या सत्राचा हप्ता आला नाही. नोंदणीवर होल्ड. फीच्या खिडकीवर म्हणाले, पैसे घेऊन या. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसात म्हणाले, तुमच्या सरकारशी बोला. आमच्या सरकारशी बोलायचं म्हणजे इथल्या रात्री अकराला पुण्याला फोन लावायचा आणि 'साहेब जेवायला गेलेत' ऐकायचं. शेवटी त्या 'दुकानातल्या' एका बाईने माझ्यासमोर चाळीस मिनिटं फोनाफोनी करून होल्ड दोन महिने उठवला, भाड्यापुरते पैसेही मिळवून दिले. मी तिला मावशी म्हणायचे, तिला त्याचा अर्थ ठाऊक होता. मावशीची नोकरी गेली. काम गेलं नाही. नवीन पोरींचे फोन आता मला येतात, बिनपगारी.

डॅलसकर:
ताई, झोप उडवल्याबद्दल क्षमस्व. मावशींबद्दल आदर आहे. पण तुम्हीच सांगा, ते काम कुणाचं होतं? फीच्या खिडकीवरच्या माणसाचं. त्याने केलं असतं तर मावशी लागलीच नसती. एक खातं काम करत नाही म्हणून दुसरं उघडायचं आणि त्याला उदात्त नाव द्यायचं, हे आपल्याकडे कमी पाहिलंय का?

आणि माझी बायको. प्रथिनांवर पीएचडी. एका विद्यापीठात अर्ज केला तर संशोधनाआधी दोन पानी 'विविधतेबद्दलचं निवेदन' मागितलं. तिने सोलापूरच्या चाळीत नळावर बसून अभ्यास केल्याचं लिहिलं. पुढे बोलावणं नाही. नंतर आतल्या एकाने सांगितलं, निवेदन 'फिकं' वाटलं. सोलापूरचा उन्हाळा फिका! त्या दिवसापासून मी या मंडळींना हात जोडलेत.

अमेरिकेतल्या एमआयटीचे प्रवेशाचे आकडे बघा. आशियाई मुलं आधीच्या चार वर्षांत सरासरी ४१ टक्के, हार्वर्डच्या निकालानंतरच्या पहिल्या वर्गात ४७. ती सहा टक्के आपल्यासारख्यांचीच पोरं होती.

परभणीची लेक:
त्याच तक्त्यात कृष्णवर्णीय मुलं १३वरून ५ टक्क्यांवर आली. ती ओळ वाचताना चष्मा काढला होता का?

निवेदनाचं मान्य. कुणाची कळकळ दोन पानांत मोजायची ही भंपक कल्पना होती आणि आमच्याच लोकांनी ती ताणली. झालं समाधान?

निवृत्त मास्तर:
मंडळी, अमेरिकेचं राहू द्या. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१२च्या नियमांत भेदभाव रोखण्यासाठी समान संधी कक्ष सांगितला. आमच्या महाविद्यालयातही होता. कुलूप लावलेली खोली, आत क्रीडा विभागाचे भाले आणि जुने उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मी तीन वर्षं त्याचा समन्वयक. तक्रारी किती? शून्य. अहवालात आम्ही ते अभिमानाने लिहिलं. खोलीची किल्ली शिपायाकडे, शिपाई बहुधा रजेवर, तक्रार येणार कुठून!

तिकडे ऑफिस मोडायला कायदा करावा लागला. इकडे ते कधी उघडलंच नाही, त्यामुळे बंद करायचाही त्रास नाही.

उसाचं रान:
मास्तर, कक्ष जाऊ द्या, फीचं बोला. माझी बहीण बी. फार्मला. ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेच्या जवळपाससुद्धा नाही. २०२४-२५पासून मुलींची फी माफ म्हणून पेपरात केवढाल्या जाहिराती. संस्थेत गेलो तर म्हणे आधी पूर्ण भरा, शासनाकडून आले की परत देऊ. व्याजाने काढून भरली. आता दाखला मागितला तर दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं अडकवून ठेवलीत. संस्थेचं नाव घेत नाही, घेतलं की उरलेले कागदही जातील.

खिडकीमागचा:
सतरा वर्षं स्कॉलरशिपच्या खिडकीत बसतोय, शिव्या खायची सवय आहे. मूळ कागद अडवायला यूजीसीची मनाई आहे, ते चूकच. पण दुसरी बाजू ऐका. शासनाचे पैसे दोन-दोन वर्षं येत नाहीत. विनाअनुदानित कॉलेजात पगार कशातून करायचा? आणि अर्ज कुठे अडतो माहितेय? खातं आधारला जोडलेलं नाही. उत्पन्नाचा दाखला जुना. जात वैधता प्रमाणपत्राऐवजी त्याच्या अर्जाची पावती जोडलेली. अर्ज 'सेंड बॅक' होतो, म्हणजे दुरुस्तीला परत येतो, पोराचा मोबाइल बदललेला, त्याला कळतच नाही. शेवटी बोलणी मला.

कट्टा २१:
या सगळ्याला एकच औषध. जात काढा, आर्थिक निकष लावा. फुकटची सवय लागलीय लोकांना.

उसाचं रान:
व्याजाने काढलेले पैसे फुकट? या आमच्याकडे, कोयता देतो हातात. मग बोलू सवयीबद्दल.

कट्टा २१:
भावनिक होऊ नका, मुद्द्याला उत्तर द्या.

परभणीची लेक:
मुद्दा होता का त्यात? मुंबईची आदिवासी पायल तडवी एमडी करत होती, डॉक्टर होती. जातीवरून छळ होतोय अशा तक्रारीनंतर तिने २०१९ साली जीव दिला, ते कुठल्या आर्थिक निकषात बसवता?

कट्टा २१:
आलंच ते नाव. प्रत्येक धाग्यात येतं.

परभणीची लेक:
येणार. त्रास होत असेल तर धागे वाचू नका.

संपादक:
वैयक्तिक शेरे थांबवा. दोन प्रतिसाद उडवले आहेत. धाग्याचं काश्मीर झालंच आहे, निदान रक्तपात नको.

निवृत्त मास्तर:
मूळ विषयाकडे येतो. डॅलसकर, तुमच्याच राज्यातलं उदाहरण. १९९६ला हॉपवुड खटल्यात प्रवेश देताना वंश बघायला मनाई झाली. १९९७ला टेक्ससने कायदा केला: प्रत्येक शाळेतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. वंशाचा शब्द नाही. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक आमदारांनी तो रेटला, आणि ज्यांच्या गावची गोरी पोरंही ऑस्टिनला पोचत नव्हती अशा ग्रामीण आमदारांनी मतं दिली. राज्यात सरकारं कडक उजवी आली, तरी कायदा टिकला. खोलीला पाटी नव्हती, पण गावोगावी मतदार होता. आमच्या भाल्यांच्या खोलीला एकही मतदार नव्हता.

डॅलसकर:
मास्तर, त्या कायद्याचं नाव काढू नका! माझा मुलगा डॅलसजवळच्या फ्रिस्कोच्या शाळेत. तिथे सगळेच आपल्यासारखे, निम्मा वर्ग राजस्थानातल्या कोटाला क्लासला पाठवल्यासारखा. तो वरच्या आठ टक्क्यांत. ज्या विद्यापीठात जायचं होतं तिथे थेट प्रवेशाची रेघ तेव्हा दहावरून सहावर आणलेली होती. कुठल्यातरी आडगावातल्या शाळेत असता तर पहिला आला असता.

परभणीची लेक:
म्हणजे गुणांवर प्रवेश झाला, आणि तरी तक्रार आहे?

डॅलसकर:
हसा. शाळा-शाळांत फरक असतो एवढंच म्हणतोय.

परभणीची लेक:
मीही एवढंच म्हणतेय. तीन दिवस.

डॅलसकर:
बरं. पेढ्यांची ओळ काढून टाकतो. बाकी पोस्ट राहील. एसबी १७ने ती विविधतेची निवेदनं गेली त्याचा आनंद मला आहे आणि तो मी लपवणार नाही. पण फीच्या खिडकीवरचा माणूस सुधारला असं काही आमच्याकडेही झालेलं नाही, हे खरं. शेजारच्या तेलुगू मुलीचा होल्ड सप्टेंबरपासून तसाच आहे. तुमचा नंबर तिला देऊ का?

परभणीची लेक:
आधी पेढे वाटायचे आणि मग गिऱ्हाईक माझ्याकडे पाठवायचं. द्या. रात्री नऊनंतर.

खिडकीमागचा:
उसाचं रान, बहिणीचा अर्ज प्राचार्यांच्या लॉगिनला पेंडिंग आहे की सेंड बॅक झालाय, एवढं बघून सांगा. पेंडिंग असेल तर संस्थेने हलवलाच नाही, मग समाजकल्याणकडे नाही, इतर मागास बहुजन कल्याणच्या जिल्हा ऑफिसात लेखी द्यायचं आणि पोच घ्यायची. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. व्यनि (खासगी निरोप) करा.

उसाचं रान:
पासवर्ड सायबरकॅफेवाल्याकडे आहे. उद्या बाजारच्या दिवशी जातो.