मदत हवी आहे: पाचवी ते दहावी, अख्ख्या शाळेने मिळून वाचायला एकच पुस्तक कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आटपाडी तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत मी मराठी शिकवते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आमच्याकडे ठरलेला: कलामांच्या फोटोला हार, तासभर मूकवाचन, ग्रुपवर फोटो टाकले की संपलं. यंदा शिपाईमामांसकट सगळ्यांनी महिनाभर एकच पुस्तक वाचायचं ठरलंय. कोणतं, यावर मात्र घोडं अडलंय.

मुख्याध्यापक 'श्यामची आई' म्हणतात. सोय आहेच. बेचाळीस 'रात्री', परिपाठाला रोज एक वाचता येते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यामुळे स्वामित्वहक्क संपलेत, झेरॉक्सही चालते. पण दहावीची पोरं नाव ऐकूनच तोंड फिरवतात. पुस्तक वाचलेलं नसतंच, कथाकथन स्पर्धांतली रडारड तेवढी ऐकलेली असते.

इंग्रजीच्या मॅडमचं मत 'तोत्तोचान'ला. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा पाचवी-सहावीला आवडणारच. मोठी मुलं 'बारक्यांचं पुस्तक' म्हणून बाजूला ठेवतील अशी भीती.

माझा जीव 'बनगरवाडी'त अडकलाय. लेखक व्यंकटेश माडगूळकर याच तालुक्यातले. धनगरवाडीवर शाळा चालवायला आलेला पोरसवदा मास्तर, मेंढरांमागे जाणारी पोरं, गावाने मिळून बांधलेली तालीम, आणि शेवटी दुष्काळात उठून गेलेली वाडी. आमच्या कितीतरी मुलांच्या घरी आजही मेंढरं आहेत. 'शुद्ध बोल' ऐकून ऐकून ती वर्गात गप्प बसतात. आपल्या घरची बोली छापलेली बघून त्यांना काय वाटेल हे मला बघायचंय. शिवाय ही पोरं टेंभू सिंचन योजनेचं पाणी शिवारात आलेलं बघत वाढतायत. बहात्तरच्या दुष्काळाचं आजीला विचारून या म्हटलं, तर पुस्तक आपोआप घरापर्यंत जाईल. दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने हे होईल असं मला वाटत नाही.

अडचण अशी की कादंबरी मोठ्यांसाठी लिहिलेली आहे. बाई-पुरुषांच्या संबंधांचे प्रसंग आहेत, पाचवीच्या पालकांची तक्रार येऊ शकते. आणि माडगूळकर २००१ मध्ये गेले, हक्क अजून आहेत, म्हणजे प्रती विकतच घ्यायच्या. फंड किती असतो ते तुम्हाला ठाऊक आहेच.

कुणी लहान वर्गांना 'बनगरवाडी' दिली आहे का? की माझा हट्ट सोडू? (वाचनावर वीस मार्कांची चाचणी घ्या, हा सल्ला स्टाफरूममध्ये मिळालाय. तो सोडून काहीही सुचवा.)

प्रतिसाद १
ताई, हट्ट सोडू नका. पाचवी ते सातवीच्या हातात पुस्तक देऊच नका, वाचून दाखवा. मास्तर वाडीवर येतो, शाळा भरायला लागते, तालीम उभी राहते, एवढं निवडलं तरी महिना पुरतो. आठवीपासून पुढे पूर्ण. प्रत्येकाला प्रत कशाला? तिघांत एक द्या, आळीपाळीने घरी नेतील. तालुक्याच्या वाचनालयातही विचारा.

प्रतिसाद २
वाचून दाखवायला दहावीचीच मुलं पाठवा. बोली त्यांच्या तोंडून ऐकायला मजा येईल, आणि वाचण्याआधी त्यांना घरी दोनदा तयारी करावी लागेल.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. दहावीची कल्पना उद्याच मुख्याध्यापकांपुढे ठेवते. आता एकच विचारायचंय: शाळेसाठी एकगठ्ठा प्रती घेतल्या तर प्रकाशकाकडून थेट सवलत मिळते, की दुकानातूनच बरं पडतं?