वर्ष संपलं, डोकं बधिर झालंय. उदास पण शांत काही ऐकायला सुचवा (बजेट १५०० पर्यंत)

खडूचीधूळ: नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला शिकवते. काल १ मेचं झेंडावंदन आणि निकाल एकदमच उरकले. आमची शाळा सातवीपर्यंतच, म्हणजे ३१ पोरं आता दाखले घेऊन जाणार. घरी येऊन चहा ठेवला आणि तो उतू जाईपर्यंत ओट्याशी नुसती उभी होते. रडू येत नाही, झोपही येत नाही. संध्याकाळी गच्चीवर बसून ऐकण्यासारखं सांगा. ‘या चिमण्यांनो’ नको, निरोप समारंभात तीनदा झालंय. फोनचा आवाज चिरका आहे, तेव्हा १५०० च्या आत छोटा स्पीकरही सुचवा.

तंबोरा७२: मॅडम, अमीर खाँसाहेबांचा मारवा राग. पुढचं काही वाचूच नका. पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, लवकर येतच नाहीत. घर समोर दिसतंय पण पाय टेकत नाही, असं होतं. शेवटची जलद लयीतली बंदिश ‘गुरु बिन ग्यान’ आहे, तेही तुम्हाला लागू. स्पीकर मात्र बारा हजारांच्या खाली घेऊ नका, खर्ज, म्हणजे खालचे सूर, ऐकूच येणार नाहीत. माझा एकोणीसचा आहे.

बोरकूट: बारा हजार?? बाईंनी १५०० म्हटलंय. मी ९९९ चा ऑनलाइन मागवला होता, आठव्या महिन्यात बॅटरी फुगून टेबलावर डुगडुगायला लागला. वायरचा घ्या.

नागपूरचं_ऊन: ‘भय इथले संपत नाही’. शब्द ग्रेसचे, चाल हृदयनाथांची, गळा लताबाईंचा. ग्रेस आमच्या नागपुरात मॉरिस कॉलेजात मराठी शिकवायचे, म्हणजे तुमच्याच जातकुळीतले.

फुरसतराव: दीड महिना पगारी सुट्टी, आणि थकवा म्हणे!

गुरुजी_तालुका: फुरसतराव, या एकदा आमच्याकडे. मतदार याद्या, यू-डायसवर शाळेची सरकारी माहिती भरणं, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब. त्यातून वेळ उरला तर शिकवायचं. तांदूळ दोन किलो कमी भरला की साहेब कोणाकडे बघतात, विचारा.

फुरसतराव: बँकेत या मग मार्चएंडला.

खडूचीधूळ: गाण्यावर या ना, प्लीज.

पूरियाप्रेमी: मारव्याने माणूस आणखी बेचैन होतो. सूर तेच, पण पूरिया ऐका. गंधार-निषादावर विसावतो, जरा ठाव लागतो.

तंबोरा७२: बाईंनी उदास मागितलंय, ठाव नाही.

पूरियाप्रेमी: शांतही मागितलंय. शीर्षक वाचा.

सुगरण_सातारा: ताई, लताबाईंचं ‘या चिमण्यांनो परत फिरा रे’ ऐका. डोळे भरून येतात बघा.

बोरकूट: त्यांनी नेमकं तेच नको म्हटलंय काकू.

सुगरण_सातारा: हो का, राहिलं वाचायचं. पण खळ्यांची चाल आहे हो! स्पीकर आमच्या जावयांनी दुबईहून आणलाय, कंपनी बघून सांगते.

सोल्डरवाला: दुरुस्तीचं काम करतो म्हणून सांगतो. दुकानात स्पीकर बघताना ढोलताशा लावू नका, त्यावर सगळेच दणदणीत वाटतात. तानपुरा लावा, आवाज पूर्ण वाढवा, कान जवळ न्या. घरघरला तर ठेवून द्या. तोवर फोन मातीच्या कोरड्या कुंडीत उभा करून बघा. चिरकेपणा बसतो जरा. फुकट आहे.

बोरकूट: वायरचाच घ्या, हे मी आधीच सांगितलंय.

खडूचीधूळ: सगळ्यांचे आभार. कुंडीत फोन ठेवून मारवा लावला. तंबोराजी, खोटं नाही सांगत, सुरेखच आहे. पण दहा मिनिटांनी लक्षात आलं की मी मनातल्या मनात गुण देतेय. मग बंद केला. माळ्यावर आईचा ट्रान्झिस्टर होता, त्याला नवे सेल घातले. रात्री १० ला विविध भारतीवर छायागीत असतं, ते लावून अंधारात बसते. पुढचं गाणं कोणतं, हे मला ठरवावं लागत नाही. काल दुसऱ्या गाण्यालाच झोप लागली. सकाळी बघते तर सेल उतरलेले.

तंबोरा७२: ट्रान्झिस्टरवर खर्ज कुठला येणार?

सुगरण_सातारा: ताई, जावई म्हणतात तो साडेसात हजारांचा आहे. सांगू का आणायला?